दुसऱ्या अंतऱ्यातला ठसका

आवाज ही ईश्वराची देणगी असते. हे वाक्य मी पुष्कळ सत्कारांमध्ये टाळ्या वाजवत ऐकलेलं आहे आणि माझा त्यावर विश्वासही आहे. माझा आवाज ईश्वराने रजनीश बालींना दिला. माझ्याकडे आली ती कार्बन कॉपी.

त्या सकाळी माझी अर्धी दाढी झालेली असताना खालच्या मजल्यावरच्या गुप्तेकाकूंनी जिन्यातून हाक मारली.

"अहो टिपणीस, फोन! कुणी डिकॉस्टा म्हणून आहे. घाबरलेला वाटतोय."

मी साबण लावलेल्या गालानिशी खाली धावलो. मिंगेल डिकॉस्टा म्हणजे संगीतकार बन्सीभाईंचा सहायक. मूळचा मडगावचा. साठ वादकांचा ताफा समोर बसवून तो शांतपणे सँडविच खाऊ शकत असे. अशा माणसाचा आवाज फोनमध्ये थरथरत होता.

"टिपणीस, तू घरीच हां? हलू नको. मी गाडी घेऊन येतो."

"कसली गाडी?"

"प्रोड्यूसरची. बालीसाब स्टुडिओत आहेत. त्यांनी तुला बोलावलंय."

"मला?"

"म्हणजे तुझं नाव त्यांना ठाऊक नाय. ते म्हणाले, 'उस आदमी को लाओ.' मॅन, तो आदमी तू आहेस."

गुप्तेकाकू वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

बालीसाहेबांनी मला बोलावण्यात घाबरण्यासारखं काय होतं, हे समजायला धंद्यातली एक रीत माहीत हवी. बालीसाहेब हे त्या काळातले सगळ्यात मोठे गायक. ते वर्षातले कित्येक महिने परदेशात कार्यक्रम करत. इकडे नट आणि नटी बर्फात उभे, हॉटेलचं बिल चढतंय, आणि गाणं तयार नाही. मग बन्सीभाई मला बोलवत. मी बालीसाहेबांसारखं गायचं, त्या टेपवर नटाने ओठ हलवायचे, शूटिंग उरकायचं. साहेब परत आले की पडद्यावरचं चित्र बघत तेच गाणं त्यांनी गायचं आणि माझा आवाज पुसून टाकायचा. याला डबिंग म्हणत. ज्या ताटात दुसरा जेवणार आहे त्यात आधी जेवून ते घासून ठेवण्याचं हे काम होतं.

त्यात एक पथ्य होतं. साहेब ज्या इमारतीत असतील तिथे डबिंगवाल्याने दिसायचं नाही. पंगत बसली की आचाऱ्याने माजघरातून डोकावू नये, तसंच. हेमराज नावाच्या एका डबिंगवाल्याने हे पथ्य मोडलं होतं. तो साहेबांना भेटायला गेला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं ते अमुक गाणं, त्याचं डबिंग माझं." साहेब हसले, म्हणे. त्यानंतर हेमराजला कोरसमध्येसुद्धा कुणी घेईना. शेवटची बातमी होती की तो सुरतेला प्रेशर कुकर विकतो आणि शिट्टी मात्र सुरात वाजते.

मी वर आलो. कुंदाने माझा चेहरा बघून गॅस बारीक केला.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हणालो.

तिला सांगितल्यावर ती पिठाचे हात तसेच धरून बसली. तिलाही कळत होतं काय पणाला लागलंय. बन्सीभाईंनी मला शब्द दिला होता. त्यांच्या पुढच्या पिक्चरमधलं एक गाणं माझं. माझ्या नावाने, न पुसता. ही बातमी कुंदाने माहीममध्ये शेजारीपाजारी, बडोद्याला भावाकडे आणि ठाण्याला माहेरी पोचवली होती. माझे सासरे इतकी वर्षं "जावई काय करतात?" या प्रश्नाला "संगीतात असतात" असं उत्तर देत. "अंथरुणाला खिळून असतात" म्हणताना जो सूर लागतो त्या सुरात. हल्ली ते मान वर करून सांगू लागले होते.

"तुम्ही काही चुकीचं केलंय का?" कुंदाने विचारलं.

"नाही."

"मग घाबरता कशाला?"

"चुकीचं केलं असतं तर काय झालं असेल ते तरी कळलं असतं."

खाली हॉर्न वाजला. अख्खी गॅलरी वाकून बघत होती. आमच्या बिल्डिंगसमोर इतकी लांब गाडी याआधी फक्त एकदा आली होती, आणि ती मिरवणुकीत वाट चुकून आली होती. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालो आहे. गाडी मोठ्या गायकाला आणायला येते. मी मोठा गायक नाही. म्हणून ही गाडी मला आणायला आलेली नसून न्यायला आलेली आहे. हे अनुमान मला परीक्षेत सुचलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता.

"अहो," कुंदा जिन्यातून म्हणाली, "दाढी अर्धीच राहिलीय."

ती तशीच राहिली.

गाडीत मिंगेलने आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "टिपणीस, ते काश्मीरचं गाणं. तू डबिंग केलं तेव्हा तोंडात काय ठेवलं होतंस?"

"खडीसाखर. माझी सवय आहे. का?"

"जीझस," मिंगेल म्हणाला आणि त्याने छातीवर क्रूस केला.

मला आठवलं. गाणं दुःखाचं होतं. नट बर्फात उभा राहून, हातात पेला घेऊन, निघून गेलेल्या नटीला उद्देशून गातो. दुसऱ्या अंतऱ्यात ओळ होती, 'रोक लेता मैं तुझे', आणि मग वर चढून 'मगर'. त्या 'मगर'च्या आधी मी श्वास घेतला आणि गालातली खडीसाखर घसरून घशात गेली. आवाज मध्येच तुटला, गच्च दाटला, आणि 'मगर' एका बारीक फटीतून कसाबसा बाहेर आला. साधा ठसका. मी थांबून म्हणालो होतो, "बन्सीभाई, परत घेऊ या." बन्सीभाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अरे डबिंग तो है. कौन सुनने वाला है? साब आके गायेंगे."

"मग?" मी मिंगेलला विचारलं.

"मग काय? हीरो कुणालकुमार आहे मॅन. दुसरं काय येत नाय त्याला, पण लिप मूव्हमेंट? टेपवर माशी बसली तर तो माशी करून दाखवेल. तुझा ठसका त्याने जसाच्या तसा केलाय. डोळे बाहेर, मान ताणलेली, गळ्याची शीर वर. क्लोजअपमध्ये! मागून बर्फ पडतंय. डायरेक्टर रडला. म्हणतो, हाच माझा पिक्चर."

"आणि आता?"

"आता पडद्यावर ठसका आहे आणि बालीसाब समोर उभे आहेत. सकाळपासून करतायत. जमत नाय. कापायचं म्हटलं तर डायरेक्टर जीव देतो. परत शूटिंग करायचं म्हटलं तर बर्फ वितळलं. शेवटी साबने हेडफोन काढून फेकला. म्हणाले, 'ये कौन घुट रहा है? उस आदमी को लाओ.'"

मी विचारलं, "रागात म्हणाले?"

मिंगेलने विचार केला. "राग असता तर बरं होतं," तो म्हणाला. "हळू म्हणाले."

गाडी स्टुडिओच्या फाटकातून आत शिरली.

आत वादक नव्हते, त्यांचं काम आधीच टेपवर झालेलं होतं. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये एक पडदा, आणि पडद्यावर कुणालकुमार पुनःपुन्हा तोच अंतरा गात होता, बिनआवाजाचा. मान ताणायची, डोळे फाडायचे, पेला थरथरायचा, फिल्म फिरून पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतःला एवढ्या मोठ्या आकारात गुदमरताना कधी बघितलं नव्हतं. बन्सीभाई कोपऱ्यात बसून रुमालाने हार्मोनियम पुसत होते. ते मला बघून हसले नाहीत. ओळखसुद्धा दाखवली नाही. माझं गाणं, न पुसता, माझ्या नावाने, त्या रुमालाखाली पुसलं जाताना मला स्पष्ट दिसलं.

बालीसाहेब काचेच्या खोलीच्या दाराशी उभे होते. पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, बाहेर मे महिना. रामायणातल्या वालीसमोर उभं राहिलं की समोरच्याची निम्मी ताकद त्याच्याकडे जात असे. माझ्याकडे मुळात जी होती तीच त्यांची होती, त्यामुळे मी उभा कशावर होतो ते मला कळेना.

"ये है?" त्यांनी विचारलं.

"जी साब," बन्सीभाई म्हणाले. "बस, ऐसे ही, कोरस का आदमी है."

साहेब माझ्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिले. "करके दिखाओ."

"काय, साहेब?" मी घाबरून मराठीत विचारलं.

"वही. जो किया था."

मी 'रोक लेता मैं तुझे' म्हटलं आणि ठसका काढला. तो खोकल्यासारखा आला. पुन्हा म्हटलं, तो उचकीसारखा आला. तिसऱ्यांदा जे निघालं त्याला नाव नव्हतं. रेकॉर्डिस्टने स्पीकरमधून थंडपणे विचारलं, "ये आदमी बीमार है क्या?"

"खडीसाखर पाहिजे त्याला," मिंगेल मदत म्हणून बोलला. मदत करणाऱ्यांपासून देवाने मला कायम वाचवावं. कुणीतरी धावत जाऊन खडीसाखर आणली, स्टीलच्या ताटलीत, वर फुलाची पाकळीसुद्धा होती, बहुतेक देवळातूनच आणली असावी. सगळ्यांसमोर मी एक खडा तोंडात ठेवला आणि गायलो. प्रोड्यूसरचा माणूस वाकून माझ्या गळ्याकडे बघत होता. खडीसाखर अतिशय सज्जनपणे विरघळली. मला हेमराजचे कुकर दिसू लागले.

साहेबांनी हात वर केला. हॉलमधला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"सब बाहर," ते म्हणाले. "ये मेरे साथ अंदर आएगा."

"साब, मैं..." बन्सीभाई उठले.

"सब."

मिंगेलने जाता जाता माझा खांदा दाबला. लोक स्मशानातून निघताना असं करतात.

काचेच्या खोलीत आम्ही दोघे. गाताना कुणी आपल्या तोंडाकडे बघितलेलं साहेबांना खपत नसे, म्हणून काचेला आतून एक जाड पडदा होता. दाराशेजारच्या एका चौकटीतून सिनेमाचा पडदा तेवढा दिसे. साहेबांनी काचेवरचा पडदा सर्रकन ओढला. माइकमध्ये तोंड घालून रेकॉर्डिस्टला म्हणाले, "माइक बंद. जब तक मैं न कहूँ." लाल दिवा गेला. मग त्यांनी दाराची कडी लावली. मी भिंतीला पाठ टेकवली. भिंतीला आवाज शोषून घेणारा कापूस होता. मी ओरडलो असतो तर तोही शोषला गेला असता.

साहेब माझ्या अगदी जवळ आले. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

"घाबरू नको," ते म्हणाले. मराठीत.

मी इतका दचकलो की डोकं मागच्या कापसावर आपटलं.

"देवळालीला वाढलो मी. कॅम्पात. पाकिस्तानातून आलो तेव्हा बापाने तिथे कँटीन काढला. बस खाली."

खोलीत एकच स्टूल होतं. त्यावर मी बसलो आणि बालीसाहेब उभे राहिले. हे कुणी पाहिलं तर काय होईल, या विचाराने मी पुन्हा उठलो.

"बस म्हणतो ना! मला सांग, मला खोटा ठसका का जमत नाही?"

"तुम्हाला सगळं जमतं, साहेब."

"मस्का नको लावू. का जमत नाही?"

"का?"

"कारण मला खरा येतो."

त्यांनी शाल बाजूला केली आणि गळ्याच्या खळग्यात बोट ठेवलं. "इथे. सकाळी उठलो की काहीतरी अडकलेला असतो. वरचा सूर लावायला गेलो की आवळतो. रात्री आडवा झालो की वर चढतो. लंडनच्या स्टेजवर असा आवळला की मी ऑडियन्सला म्हटलं, आता तुम्ही गा. लोकांना वाटलं, साहेब किती प्रेमळ. माझ्या बापाला इथेच गाठ होती. बोलायचं बंद झालं होतं शेवटी. पाटीवर लिहायचा."

दाराशेजारच्या चौकटीतून कुणालकुमार मान ताणताना दिसत होता.

"आणि हे बेणं," साहेब तिकडे बोट करून म्हणाले, "माझ्या बापासारखं तोंड करतं. सकाळपासून मी बघतोय. मुद्दाम घसा आवळायला गेलो आणि तो सुटलाच नाही, तर? इथेच, ह्या लोकांसमोर?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"भीती वाटतो," बालीसाहेब म्हणाले.

ज्यांच्या भीतीने सगळा धंदा पाय न वाजवता चालायचा ते बालीसाहेब. माझी भीती त्याने कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. आपण ज्याला घाबरतो तो स्वतःच घाबरलेला आहे हे कळलं की माणसाला धरायला काहीच उरत नाही.

"इथे डॉक्टरकडे गेलो तर उद्या पेपरात येईल. पुढच्या महिन्यात लंडनला दाखवणार. तोपर्यंत हे गाणं पूर्ण झालं पाहिजे. ऐक. मी 'तुझे' पर्यंत गातो आणि मागे सरतो. ठसका तू दे. 'मगर' मी घेतो. एकाच माइकवर. पडदा आहे, कुणाला कळत नाही."

"आणि कळलं तर?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर तू संपला," ते म्हणाले. "मीपण संपलो. पण तू आधी."

मी होकाराची मान हलवली.

"आणि लंडनला गाठ निघाली," ते हळू म्हणाले, "तर ही सगळी गाणी कोण गाणार? बन्सी मला विचारणार. सगळे मला विचारणार. मी सांगीन, ह्याला घ्या. लोकांना फरकसुद्धा कळणार नाही. नाव काय तुझं?"

"टिपणीस. दिगंबर टिपणीस."

"ते नाव बदलावं लागेल," बालीसाहेब म्हणाले आणि काचेवर टकटक करून त्यांनी माइक चालू करायला सांगितला.

लाल दिवा लागला. हेडफोनमध्ये व्हायोलिनं आली. साहेब गाऊ लागले आणि मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून, श्वास रोखून उभा राहिलो. मी आयुष्यभर त्यांच्यासारखा गात आलो होतो. ते त्यांच्यासारखे गाताना इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होतो. कार्बन कॉपीला मूळ कागद दाखवू नये.

दुसरा अंतरा आला. पडद्यावर बर्फ. माझं तोंड कोरडं. खडीसाखर नाही, ठसका नाही, काहीच नाही. 'रोक लेता मैं तुझे...' साहेब मागे सरले. मी पुढे झालो. आणि त्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला. डोळे बाहेर आले, मान ताणली, एक हात छातीवर गेला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. थंडगार बोटं. मला वाटलं, झालं. सुटला नाही. बंद खोलीत, कडी लावून, भारतातला सगळ्यात मोठा गायक माझ्या हातात मरतोय, आणि बाहेर सगळ्यांना माहीत आहे की आत फक्त मी आहे.

माझा घसा आपोआप मिटला. आत गेलेला श्वास तिथेच अडकला आणि जो आवाज आला तो मी काढलेला नव्हता.

मनगटावरची पकड सुटली. साहेब पुढे झुकले आणि त्यांनी 'मगर' घेतला. पातळ, थरथरता, त्या फटीतून. मग उरलेलं गाणं शेवटपर्यंत.

लाल दिवा गेला. स्पीकरमधून रेकॉर्डिस्टच्या ओरडण्याचा आवाज आला. "ओके! ओके साब! कमाल है!"

"साहेब, तुम्ही ठीक आहात ना?" मी कुजबुजलो.

त्यांनी छाती चोळली. तोंड कडवट केलं. "आला होता वर," ते म्हणाले. "गेला."

मग शाल नीट केली, कडी काढली आणि बाहेर गेले. बन्सीभाई रडत होते. मिंगेलने पुन्हा क्रूस केला. सगळे साहेबांच्या पाया पडत असताना साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, खास हिंदीत म्हणाले, "देखा? ऐसे होता है."

"हो, साहेब," मी म्हणालो.

कुंदाने घरी आल्यावर विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. शिकवलं त्यांनी मला."

"माझं गाणं राहिलं ना?" ती त्या गाण्याला 'माझं गाणं' म्हणायची.

"राहिलं असावं," मी म्हणालो. ती पुन्हा पोळ्यांकडे वळली. तिला सांगायची मुभा नव्हती, आणि सांगायचं तरी काय होतं?

बालीसाहेब लंडनला गेले. वर्तमानपत्रांत आलं, कार्यक्रमांचा दौरा. मला एकट्याला माहीत होतं की ते घसा दाखवायला गेलेत. ही माहिती अंगावर घेऊन वावरणं भयंकर होतं. गुप्तेकाकूंचा फोन वाजला की मी जिन्याच्या टोकाशी. मिंगेल भेटला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी म्हणायचो, साहेबांना बरं वाटू दे. प्रार्थना एवढीच होती. पण हात जोडले की डोळ्यांपुढे आधी बन्सीभाईंचा हॉल यायचा, वादकांचा ताफा, आणि माइकवर मी. मग मी घाईघाईने उठायचो. देवाला दोन्ही ऐकू गेलं असेल तर तो कुठलं धरेल, या भीतीने पुढे पुढे दिवा कुंदाच लावू लागली.

दरम्यान काश्मीरचा पिक्चर लागला. एका समीक्षकाने लिहिलं की दुसऱ्या अंतऱ्यातल्या त्या अर्ध्या क्षणात बालींनी अखिल मानवजातीचा हुंदका पकडला आहे. मी ते कात्रण फाडून टाकलं. घरात पुरावा नको.

आम्ही माटुंग्याला मॅटिनी बघायला गेलो. दुसरा अंतरा आला. पडदाभर कुणालकुमारची मान. ठसका. थिएटर नुसतं हळहळलं. कुंदा एकदम ताठ बसली.

"अहो," ती म्हणाली, "हा तुमचा ठसका."

"हळू बोल."

"सकाळी चहाचा पहिला घोट घेताना लागतो, तोच. शेवटी 'ह्क्' करतो बघा, तोच हो!"

"कुंदा, गप्प बस."

"मी दहा वर्षं पाठीवर थापट्या मारतेय, मला नाही कळणार?"

मागून कुणीतरी "शूऽ" केलं. पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला. मला वाटलं, तो धंद्यातला आहे. उद्या बातमी पोचणार. मी कुंदाचा हात धरून तिला मध्यंतराआधीच बाहेर काढलं. रस्त्यावर ती रडत होती, हसत होती, मला कळेना काय ते. "म्हणजे तुम्ही आलात पिक्चरमध्ये," ती म्हणत राहिली. त्या माणसाच्या खुर्चीला फक्त माझा पाय लागत होता, हे मला पुढे कित्येक वर्षांनी सुचलं.

आणि मग बन्सीभाईंचा निरोप आला. रेकॉर्डिंग. माझं गाणं.

"साबने लंदन से फोन किया था," मिंगेल जिन्यात मला मिठी मारत म्हणाला. "तुझं नाव घेतलं मॅन! म्हणजे नाव आठवेना त्यांना. म्हणाले, 'वो आधी दाढ़ी वाला.'"

मी पायरीवर बसलो. साहेबांनी नाव सुचवलं, म्हणजे गाठ निघाली. मला ओकारी यावी तसा आनंद झाला.

रेकॉर्डिंगला कुंदा नवी साडी नेसून आली. तिने ठाण्याहून वडिलांना आणलं होतं. सासरे रेकॉर्डिस्टच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले, कोट घालून. मी तोंडात काही ठेवलं नाही. पडदासुद्धा ओढला नाही. काचेपलीकडे सगळे दिसत होते. मी गायलो. पहिल्यांदाच बालीसाहेबांसारखं नाही, कारण त्यांची आठवण आली की घसा दाटायचा आणि ती आठवण टाळताना जो आवाज उरला तो माझा होता. शेवटची ओळ संपली तेव्हा वादकांनी दाद म्हणून व्हायोलिनं गजांनी ठोकली. सासरे उभे राहिले होते. बन्सीभाईंनी मला जवळ घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

मिंगेल आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पूर्वीसारखाच.

"टिपणीस, तू, वहिनी आणि त्यांचे फादर, जरा मागच्या दाराने निघा."

"का रे?"

"शूटिंग उद्या आहे उटीला. टेप आजच जायला पाहिजे."

"मग मागच्या दाराने का?"

त्याने फाटकाकडे बघितलं. लांब गाडी आत वळत होती. मागच्या सीटवर पांढरा झब्बा. शाल नव्हती.

"साहेब आलेत," मिंगेल म्हणाला. "काल रात्रीच्या विमानाने. पुढच्या आठवड्यात हेच गाणं ते गाणार. आज ट्यून ऐकायला आलेत."

कुंदाने विचारलं, "कुठलं गाणं?"

सासऱ्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

लंडनच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा नीट तपासला होता. गाठ नव्हती. ॲसिडिटी होती.